चार काळे पट्टे

इंग्लंडमधलं वुल्व्हरहॅम्प्टन हे कुलपं आणि लोखंडी सामानासाठी ओळखलं जाणारं गाव. १८८० च्या दशकात तिथे चार्ल्स मॅकमन नावाचे आयरिश डॉक्टर दवाखाना चालवत. रोगी तपासून झाले की ते तबेल्यावरच्या माळ्यावर चढत; त्यांची प्रयोगशाळा तिथे होती. मुख्य उपकरण म्हणजे सूक्ष्मदर्शकाला जोडलेला वर्णपटदर्शक. पदार्थातून आलेला प्रकाश रंगांत फाकवायचा आणि पदार्थाने कोणता रंग गिळला, ते मध्येच दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांवरून ओळखायचं.

प्राण्यांच्या स्नायूंत मॅकमन यांना असे पट्टे दिसले, पण ते रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या पट्ट्यांशी जुळेनात. हिमोग्लोबिन नसलेल्या कीटकांतही ते होतेच. शिवाय रंगद्रव्याचं क्षपण झालं की पट्टे ठळक होत आणि ऑक्सिडीकरण झालं की पुसट. पेशी ज्याच्या मदतीने श्वास घेतात तेच हे द्रव्य, असं त्यांनी १८८६ साली मांडलं.

हे फेलिक्स होप-सायलर यांना पटलं नाही. हिमोग्लोबिनला त्याचं नाव देणारा हा जर्मन रसायनज्ञ तेव्हाचा मोठा अधिकारी माणूस. त्यांच्या प्रयोगशाळेने निर्वाळा दिला, की हे रंगद्रव्य वेगळं नाही, हिमोग्लोबिनचंच बिघडलेलं रूप आहे. १८९० मध्ये वाद त्यांच्याच नियतकालिकात रंगला आणि पुढची चर्चा अनावश्यक असल्याची संपादकीय टीप जोडून त्यांनी तो मिटवला. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, कारण स्नायूतून द्रव्य बाहेर काढण्याच्या मॅकमन यांच्या पद्धतीत खरोखर गफलत होती. पण काढण्यातली चूक दाखवून पाहिलेलं खोटं ठरवणं हा अन्यायच. मॅकमन १९११ साली वारले, तोवर त्यांचे पट्टे पाठ्यपुस्तकांतून गेलेले होते.

ते परत आले घोड्याच्या पोटातून. डेव्हिड केलिन मॉस्कोत जन्मलेले, वॉर्सात वाढलेले, पॅरिसमध्ये किड्यांचा अभ्यास केलेले, रसायनज्ञ नव्हेतच. केंब्रिजमध्ये ते बॉट फ्लाय या माशीचा माग घेत होते. तिच्या अळ्या घोड्याच्या जठरात वाढतात आणि त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. अळीची माशी होते तेव्हा या हिमोग्लोबिनचं काय होतं, एवढाच त्यांचा प्रश्न. माशीच्या छातीच्या स्नायूंत त्यांना चार पट्टे दिसले, आणि ते हिमोग्लोबिनचे नव्हते.

मग त्यांनी यीस्ट पाण्यात कालवून तपासलं. नळी जोरात हलवून पाहिली तर पट्टा एकही नाही. नळी बाजूला करणार, तेवढ्यात चारही पट्टे नजरेसमोर उमटले. पुन्हा हवा मिसळली, पुन्हा गायब. हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणजे रंगद्रव्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि पट्टे जातात. यीस्ट तो ऑक्सिजन संपवतं, अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन रंगद्रव्यात साठतात, म्हणजे क्षपण होतं आणि पट्टे परततात. जिवंत पेशीतली देवघेव अशी डोळ्यांनी दिसत होती! मधाच्या पोळ्यातलं मेण खाऊन वाढणारा एक पतंगही केलिन यांनी जिवंतपणी काचेवर चिकटवला. तो पंख जोरात फडफडवू लागला की पट्टे उमटत, थांबला की विरत.

सायनाइडने खरी उकल केली. ते घातलं की नळी कितीही हलवा, पट्टे हटत नाहीत. युरेथेनचा परिणाम उलटा, त्याने पट्टे परत उमटणंच अडतं. म्हणजे एक विष ऑक्सिजनकडची वाट बंद करतं, दुसरं अन्नाकडची, आणि रंगद्रव्य मधोमध उभं आहे. १९२५ च्या निबंधात केलिन यांनी त्याला सायटोक्रोम म्हटलं, ते एक नसून निदान तीन आहेत हे दाखवलं आणि मॅकमन यांनी पाहिलं ते हेच, अशी कबुलीही दिली. ए, बी, सी ही त्यांनी दिलेली अक्षरं आजही चालतात.

तिन्हींच्या पोटात लोहाचा अणू असतो. इलेक्ट्रॉन मिळाला की लोह दोन धनप्रभारांचं, गमावला की तीन. बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग ऑक्सिजनशी थेट गाठ पडणारा श्वसनविकर शोधत होते आणि केलिनशी त्यांचं जमत नव्हतं. १९३१ चं नोबेल मात्र वारबुर्गना गेलं. तो विकर सायटोक्रोमांच्याच कुळातला निघाला. सायटोक्रोम इलेक्ट्रॉन एकमेकांकडे सोपवत नेतात, त्या साखळीच्या टोकाला तो ऑक्सिजनच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन देतो आणि पाण्याचे दोन रेणू बनतात.

पण इलेक्ट्रॉनच्या या प्रवासातून एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू, कसा तयार होतो? उत्तर पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये सुचवलं: साखळीतल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा तंतुकणिकेच्या, म्हणजे पेशीतल्या श्वसनाच्या केंद्राच्या, पडद्यापलीकडे प्रोटॉन ढकलते आणि ते परत येताना एटीपी बनतं. बऱ्याच जणांना ही कल्पना आधी विचित्रच वाटली. १९७८ साली नोबेल घेताना त्यांनी व्याख्यानाच्या शीर्षकातच केलिन यांचं नाव घातलं.

सायटोक्रोम सी ला दरम्यान आणखी एक काम लागलं. ते छोटं प्रथिन आहे, माणसात १०४ अमिनो आम्लांचं, आणि श्वास घेणाऱ्या असंख्य सजीवांत सापडतं. वॉल्टर फिच आणि इमॅन्युएल मार्गोलियाश यांनी १९६७ मध्ये वीस जीवांतल्या त्याच्या रचना ताडून सजीवांची वंशावळ मांडली. माणूस आणि चिंपँझी यांच्या सायटोक्रोम सी मध्ये एकाही अमिनो आम्लाचा फरक नाही. ऱ्हीसस माकडाशी ताडलं तर फक्त एकाचा.