कानात हेडफोन, समोर खोलेश्वर: आपली अंबाजोगाई ऐकवायची कशी?

मंडळी, आज जरा लांबचं बोलून जवळ येऊ. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या भागातली बरीच पोरं आता पुण्या-हैदराबादहून पुढे जर्मनी, इंग्लंड, नेदरलँड्सला गेलीत. त्यांचे तिथले व्हिडिओ बघा. जुन्या शहरातल्या दगडी गल्ल्यांत माणसं एकेकटी फिरताना दिसतात. हातात मोबाईल, कानात हेडफोन. गाईड नाही, घाई नाही. एखाद्या चर्चसमोर थांबतात, तीन मिनिटं ऐकतात, मान वर करून बघतात, पुढे जातात. याला म्हणतात ऑडिओ टूर. आपली आपण करायची सहल.

हे चालतं कसं, ते सोपंय. फोनमध्ये आधीच आवाजाच्या फाईली आणि नकाशा उतरवून घ्यायचा. दहा-पंधरा थांबे असतात. तुम्ही त्या जागी पोचलात की जीपीएसवरून फोनला कळतं आणि त्या थांब्याची गोष्ट सुरू होते. नको वाटलं तर बंद करा, भूक लागली तर थांबा, परत ऐका. कल्पना तशी जुनी आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ सालीच रेडिओच्या तंत्रावर अशी सोय केली होती. लोक कानाला यंत्र लावून चित्रं बघत फिरायचे. आता तेच काम खिशातला फोन करतो.

पण मला यातलं तंत्र फार महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचं आहे ते कानात काय सांगितलं जातं.

इटलीत व्हेरोना नावाचं गाव आहे. शेक्सपिअरच्या नाटकातल्या ज्युलिएटचं घर म्हणून तिथे एक जुना वाडा दाखवतात. जगभरातून जोडपी येतात आणि बाल्कनीखाली फोटो काढतात. खरं काय? वाडा जुना आहे, पण ती बाल्कनी विसाव्या शतकात डागडुजीच्या वेळी बसवलेली. ज्युलिएट तर नाटकातलं पात्र. हे तिथे आता उघडपणे सांगितलं जातं. तरी गर्दी कमी झालेली नाही.

दुसरं उदाहरण स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहराचं. तिथे मेरी किंग्ज क्लोज नावाची जुनी गल्ली आहे. वरून मोठी इमारत बांधली, त्यामुळे गल्ली जमिनीखाली गेली. लोक वर्षानुवर्षं सांगत आले की १६४५ च्या प्लेगमध्ये आजारी माणसांना आतच ठेवून भिंत बांधली, तडफडून मेली ती. कागदपत्रं बघितल्यावर कळलं की तसं झालेलं नाही. आजाऱ्यांना वेगळं ठेवलं होतं, पण त्यांना अन्नपाणी पोचवलं जात होतं. आता तिथली माहिती देताना दोन्ही सांगतात. लोक काय म्हणत आले तेही, आणि नोंदी काय म्हणतात तेही.

हे वाचलं आणि डोक्यात एकच विषय आला. आपली अंबाजोगाई.

आपल्याकडे येणारा पाहुणा काय करतो? पुण्या-मुंबईची, कोकणातली कितीतरी घराणी योगेश्वरीला कुलदैवत मानतात. गाडी येते, दर्शन होतं, ओटी भरली जाते, प्रसाद घेतला की गाडी परळीला वैजनाथाकडे. तास-दीड तासात गाव संपलं! त्या माणसाला कुणी सांगतच नाही की बाबा, तू आठशे वर्षांच्या गावातून चाललायस.

समजा उद्या कुणी आपल्या गावाची ऑडिओ टूर केली, तर त्यात काय असेल? चला, एक फेरी मारू.

पहिला थांबा योगेश्वरीचं देऊळ. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, मुहूर्त टळला, लग्न मोडलं आणि वऱ्हाड दगडाचं झालं. पुरावा विचारला की आपण हत्तीखान्याकडे बोट दाखवतो. ते बघा, दगडाचे हत्ती.

म्हणून दुसरा थांबा हत्तीखाना, म्हणजे जोगाईचा मांडव. जयंती नदीच्या काठाला, अखंड खडकात कोरलेली लेणी. आत खांबांचा मोठा मंडप, अंगणात नंदी, आणि ते हत्ती. वऱ्हाडाची गोष्ट गोड आहे, ती सांगायचीच. पण सोबत हेही सांगायला पाहिजे की हे शिवाचं लेणं आहे आणि कुण्या कारागिरांनी छिन्नी-हातोडीने पिढीभर घाम गाळून ते कोरलंय. नुसती दंतकथा सांगितली की त्या कारागिरांचं श्रेय जातं. शाप मिळाला आणि झालं, असं होतं.

तिसरा थांबा खोलेश्वर. कॉलेजला, शाळेला हे नाव आहे, त्यामुळे गावातल्या प्रत्येक पोराच्या तोंडी आहे. हा खोलेश्वर कोण? देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत लढाईत पडला. मागे राहिलं रामाचं लहान पोर. तेव्हा खोलेश्वराची मुलगी लक्ष्मी पुढे आली. तिने लहान भाच्याच्या वतीने कारभार सांभाळला आणि भावाच्या आठवणीसाठी देऊळ बांधलं. हे कुणी कीर्तनात रंगवून सांगितलेलं नाही. शके ११६२ च्या, म्हणजे इ.स. १२४० च्या शिलालेखातून हे कळतं. विचार करा, ज्ञानेश्वरी लिहिली जाण्याच्या ५० वर्षं आधी आपल्या गावात एक बाई कारभार बघत होती आणि तिचं नाव दगडावर आहे. गावातल्या किती मुलींना हे माहितीये? शाळेच्या पाटीवर बापाचं नाव आलं, लेकीचं राहिलं.

चौथा थांबा दासोपंत. इ.स. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. त्यांनी लिहिलेल्या गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या सांगितल्या जातात. पण बघण्यासारखी चीज म्हणजे पासोडी. कागद नाही, कापड. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर पंचीकरण लिहिलंय. वेदान्तासारखा अवघड विषय लोकांसमोर उलगडून दाखवायला कापड घेणारा माणूस किती पुढचा असेल! त्यांच्याबद्दल एक कथा आहे. वडिलांकडून सरकारी वसूल भरायचा राहिला, बीदरच्या सुलतानाने पोराला ओलीस ठेवलं, आणि मुदतीच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा माणूस पैसे भरून गेला. तो दत्तच होता, अशी श्रद्धा. ही श्रद्धा म्हणून सांगायची. पासोडी मात्र वस्तू म्हणून समोर आहे, ती त्यांच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या जपली.

पाचवा थांबा गावाबाहेर, बालाघाटाच्या दरीत, मुकुंदराजांची समाधी. मराठीचे आद्यकवी, विवेकसिंधू, शके १११०, म्हणजे इ.स. ११८८. इथे आपल्याला जरा मन मोठं करावं लागेल. कारण हा काळ सगळे अभ्यासक मान्य करत नाहीत. आणि विदर्भातल्या अंभोऱ्याचे लोकही मुकुंदराज आमचेच म्हणतात, काही अभ्यासक त्यांच्या बाजूने आहेत. हे टूरमध्ये सांगायचं का? माझं मत, सांगायचंच. वाद सांगितल्याने समाधी लहान होत नाही. उलट ऐकणारा म्हणतो, ही माणसं खरं बोलतायत, पुढचंही ऐकू.

सहावा थांबा जरा अवघड. मोमिनाबाद. निजामाच्या काळात आपल्या गावाचं हे नाव होतं, जुन्या नकाशात तेच सापडतं. हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी इथे होती. म्हणजे फौज नावाला निजामाची, अधिकारी इंग्रज. तिच्या खर्चापोटी इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड घेतला. १९०३ मध्ये ही फौज मोडून हिंदी लष्करात मिसळली. याच मोमिनाबादेत १९३५ च्या सुमारास स्वामी रामानंद तीर्थ आले, शाळा चालवली, मराठीतून शिकवलं आणि पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा उभा केला. आज आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. ओपीडीच्या रांगेत उभं राहताना आपण ते रोज वाचतो.

या थांब्यावर रझाकारांचे अत्याचार सांगावे लागतील. १७ सप्टेंबर १९४८ सांगावा लागेल. आणि पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात कितीतरी निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे बेतलं, जे सुंदरलाल समितीने टिपलं, तेही सांगावं लागेल. एक सांगून दुसरं गाळलं तर ती टूर राहत नाही, प्रचार होतो.

आता मुद्द्यावर येतो.

आपल्या जिल्ह्यात इतिहास कमी नाही. बीडची खजाना बावडी बघा. सोळाव्या शतकात, मुर्तझा निजामशाहाच्या काळात सलाबतखानाने बांधवून घेतली. ना मोटर, ना वीज, भुयारी पाटातून शेताला पाणी. बीडजवळच महंमद तुघलकाच्या दाताची कबर दाखवतात. दात पडला आणि सुलतानाने त्याच्यावर कबर बांधली, ही गोष्ट फरिश्त्याने लिहिलीये. पण फरिश्ता तुघलकानंतर तब्बल अडीचशे वर्षांनी लिहीत होता, हे कुणी सांगत नाही.

म्हणजे गोष्टी भरपूर, पण सगळ्यांचा काला झालाय. शिलालेख, पोथी, आजीची गोष्ट आणि काल रात्री आलेलं फॉरवर्ड, सगळं एकाच भावात विकलं जातंय. आणि याची किंमत आपण मोजतोय. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात समोरच्याचं आडनाव ऐकून मग बोलायचं की नाही ते ठरवायची सवय लागलीये. ही सवय लावणाऱ्या पोस्टी बघा. दहातल्या बऱ्याच पोस्टींची सुरुवात 'इतिहास साक्षी आहे' अशी असते. साक्षी कोण, ते विचारलं की पोस्ट टाकणारा गायब.

म्हणून अंबाजोगाईची ऑडिओ टूर करायचीच असेल तर माझी एकच अट. प्रत्येक थांब्यावर आवाजाने आधी सांगायचं की आता ऐकताय ते तीनपैकी काय आहे. कोरलेलं, लिहिलेलं की सांगितलेलं. लक्ष्मीची हकिकत कोरलेली. तुघलकाचा दात लिहिलेला, पण उशिरा लिहिलेला. देवीचं वऱ्हाड सांगितलेलं. तिन्हींना जागा आहे. सांगितलेलं खोटं म्हणून हाकलायचं नाही, कारण शेकडो वर्षं लोकांनी ते उराशी धरलंय, हाही इतिहासच. फक्त कुणी कुणाच्या खुर्चीत बसायचं नाही.

हे करायला मोठा निधी लागत नाही. हिशेब करा. एका थांब्याला तीन मिनिटं. बोलताना मिनिटाला साधारण ११०-१२० शब्द होतात, म्हणजे एका थांब्याला साडेतीनशे शब्द. दहा थांबे झाले तर साडेतीन हजार शब्द. एवढं तर आपले कॉलेजचे विद्यार्थी एका सत्राच्या प्रकल्पात लिहितात. इतिहासाच्या प्राध्यापकांनी तपासून द्यावं. चांगल्या फोनवर, बंद खोलीत, पंखा बंद करून रेकॉर्ड करावं. जागेवर क्यूआर कोडची छोटी पाटी लावावी. पाटी लावताना मात्र रीतसर परवानगी घ्यावी आणि कोरीव दगडाला खिळा मारू नये. जुन्या दगडांवर ऑइलपेंट फासायची जी हौस आपल्याकडे आहे, तिलाही यानिमित्ताने आळा बसला तर सोन्याहून पिवळं.

आवाज कुणाचे? पुण्याचा प्रमाण आवाज भाड्याने आणू नका. लक्ष्मीच्या थांब्याला गावातल्या एखाद्या विद्यार्थिनीचा आवाज असावा. हत्तीखान्याची दंतकथा आपल्याच बोलीत एखाद्या आजीने सांगावी. मोमिनाबादच्या थांब्याला मराठीसोबत दखनीही ऐकू यावी, कारण त्या मोहल्ल्यांची ती बोली आहे.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली. ती परळीपर्यंत जोडली गेली की या पट्ट्यात बाहेरची माणसं जास्त येतील. ती दर्शन घेऊन तासात परत जायची की दिवसभर गावात फिरून, जेवून, इथल्या दुकानातून काही घेऊन जायची, हे आपल्यावर आहे.

पण पाहुण्यांआधी ही टूर आपल्यासाठी पाहिजे. सातवीच्या पोरांची सहल औरंगाबाद-वेरूळला जाते, जाऊ द्या. त्याच्या आधी एक शनिवार सकाळची शाळा खोलेश्वराच्या ओट्यावर भरवा. एका मुलीला सांगा, लक्ष्मीची हकिकत वाचून दाखव. बाकीच्यांना विचारा, हे कोरलेलं, लिहिलेलं की सांगितलेलं? एवढा एक प्रश्न विचारायची सवय पोरांना लागली, तर उद्या कुठलंही फॉरवर्ड आलं की बोट पुढे ढकलण्याआधी थांबेल.

आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, छावणीची, मोमिनाबादची, रझाकारीची आठवण सांगणारं, तर आजच फोन समोर ठेवा आणि त्यांना बोलू द्या. दगड अजून काही शतकं राहतील. ही माणसं राहणार नाहीत.