अश्वशक्ती आणि रेटा : हलक्या जायरोप्लेनच्या एंजिनाची निवड

ह्वान दे ला सिएर्वा या स्पॅनिश अभियंत्याचे जायरोप्लेन जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ प्रथम यशस्वीपणे उडाले, तेव्हाच त्यात पाती व एंजिन यांची फारकत झालेली होती. माथ्यावरील पाती वाऱ्याने फिरतात. एंजिनाने पंखा फिरवून यंत्र पुढे न्यावयाचे, एवढेच. एंजिन बंद पडले तरी पाती फिरत राहतात व यंत्र सावकाश खाली येते.

एंजिनाच्या निवडीत पुढे जी बेफिकिरी दिसते तिचे मूळ, माझ्या मते, या आश्वासनात आहे. अमेरिकेत आयगोर बेन्सेनने १९५७ साली उडविलेल्या बी-८एम या एकआसनी यंत्रास मॅककलक कंपनीचे ७२ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक एंजिन बसविले. हे एंजिन मुळात तोफांच्या नेमबाजीसाठी सोडल्या जाणाऱ्या वैमानिकरहित लक्ष्य-विमानांचे. जे विमान पाडावयासच उडवावयाचे, त्याच्या एंजिनास दीर्घायुष्य कशाला? तथापि ते हलके होते. ब्रिटनमध्ये केन वॉलिसनेही १९६१ च्या आपल्या यंत्रास तेच घेतले.

‘७२ अश्वशक्ती’ ही संज्ञाही काहीशी फसवी. पंखा थेट एंजिनाच्या दांड्यावर, मिनिटास सुमारे ४००० फेऱ्यांनी फिरे. त्याची टोके ध्वनिवेगाजवळ जाऊ नयेत म्हणून व्यास चार फुटांच्या आसपासच ठेवावा लागे. असा पंखा थोडी हवा फार वेगाने फेकतो, आणि बरीच शक्ती वाया जाते. नंतर आलेले ऑस्ट्रियाचे रोटॅक्स ५०३ जेमतेम ५० अश्वशक्तीचे; परंतु दंतचक्रांनी फेऱ्या कमी केल्यामुळे त्यास पाच फुटी पंखा चालतो आणि तेवढ्यात तोडीचा रेटा मिळतो.

मात्र व्यास एक फुटाने वाढला, की खालच्या नळीस पंखा लागू नये म्हणून त्याचा आस निदान अर्धा फूट वर न्यावा लागतो. मग रेट्याची रेषा गुरुत्वमध्याच्या वरून जाते. पात्यांवर भार आहे तोवर हे निभते; झोताने वा दांडा पुढे ढकलल्याने तो भार नाहीसा झाला, की एंजिनच नाक खाली दाबून यंत्र उलथवते. पाती फिरती ठेवणारा वाराच तेव्हा उरत नसल्यामुळे सिएर्वाचे आश्वासन येथे निरुपयोगी ठरते. जुन्या सांगाड्यावर नवे एंजिन चढविणाऱ्यांनी ही किंमत प्राणांनी मोजली. ग्लासगो विद्यापीठातील संशोधनाने या दोहोंतील उभे अंतरच स्थैर्यास निर्णायक ठरविले. काही रचनाकारांनी तर वैमानिकाचे आसनच उंचावून गुरुत्वमध्य रेट्याच्या रेषेपर्यंत आणला.