कोर कुणीकडे वळते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहितो, म्हणजे अक्षरांवर जगणारा माणूस. पण माझ्या अम्माला अक्षर येत नव्हतं. तिचं माहेर दौंडचं, सासर शिरूरचं. या दोन गावांत तिचं आयुष्य गेलं. शाळेची पायरी मात्र तिच्या वाट्याला आली नाही. तिच्यामुळे मी एक साधं चित्र काढायला शिकलो. त्या चित्रामागचा इतिहास आज तुम्हाला सांगायचा आहे.

गोष्ट 2011 सालची. अम्माला रक्तदाबाच्या नि साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. मी डब्यांवर वळणदार अक्षरात 'सकाळ', 'दुपार', 'रात्र' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि निवांत झालो. एकदा मी बाहेरगावी असताना तिनं रात्रीची गोळी सकाळी घेतली. चक्कर येऊन ती न्हाणीच्या उंबऱ्यावर पडली. थोडक्यात निभावलं. मी रागावलो, तर म्हणाली, "तूच लिखा ना बेटा? मेरेकू क्या मालूम क्या लिखा!" चूक माझीच होती. मी माझ्यासाठी लिहिलं होतं, तिच्यासाठी नाही.

खरं तर अम्मा खुणा वाचण्यात पटाईत होती. तिचे वडील रेल्वेत होते. दौंड हे जुनं जंक्शन. 1878 साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला तेव्हापासून इथं गाड्यांची वाट फुटते. अम्माच्या लहानपणी खांबावर लाकडी हाताचे सिग्नल होते. हात आडवा म्हणजे थांबा, खाली झुकला म्हणजे गाडी येणार. "सिग्नल पडला" हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. चिमुकली अम्मा लांबून तो हात बघून आजोबांचा डबा घेऊन पळायची. एक आडवी रेघ आणि एक तिरकी रेघ, एवढीच ती लिपी.

स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक झाली 1951-52 मध्ये. 1951च्या जनगणनेनुसार देशातली साक्षरता होती जेमतेम 18 टक्के. मग मत द्यायचं कसं? उपाय साधा निघाला. प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी आणि तिच्यावर चिन्ह. बैलजोडी, झोपडी, झाड, दिवा. मतदारानं आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा. पुढं मतपत्रिकेवरच चिन्हं छापली जाऊ लागली आणि त्यांवर शिक्का मारायची पद्धत आली. अम्मानं 1967 साली पहिलं मत दिलं ते असंच. ही चिन्हं काढण्यासाठी निवडणूक आयोगात एम. एस. सेठी नावाचे ड्राफ्ट्समन होते. 1992 साली ते निवृत्त झाले. रोजच्या वापरातल्या वस्तू त्यांनी पेन्सिलीनं कागदावर उतरवल्या. चित्र असं हवं, की खेड्यातल्या म्हातारीनं एका नजरेत ओळखावं आणि शेजारच्या चित्राशी त्याची गल्लत होऊ नये. या कामात सजावट उपयोगाची नाही. काय गाळायचं, ते कळावं लागतं.

मग मी ठरवलं, अम्माच्या डब्यांवरही चिन्हं लावायची. शिरूरच्या बाजारपेठेत रेडियम आणि फ्लेक्सचं एक दुकान होतं. तिथल्या पोरानं कोरलड्रॉ उघडलं. मी म्हणालो, "नेटवरून सूर्याचा एखादा फोटो घे की!" तो म्हणाला, "काका, फोटो मोठा केला की फाटतो. व्हेक्टरमध्येच काढू."

फोटो म्हणजे नुसते ठिपके. ताणला की त्याच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसू लागतात. व्हेक्टर म्हणजे रांगोळीचा नियम: या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत असं वळण घेऊन जा. नियम तोच राहतो. रांगोळी नखाएवढी काढा नाहीतर अंगणभर. या विद्येची मुळं साठीच्या दशकात आहेत. अमेरिकेत इव्हान सदरलँड यांनी 1963 साली 'स्केचपॅड'मध्ये प्रकाशाच्या लेखणीनं पडद्यावर रेघा ओढल्या. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीतले पॉल द कास्तेल्जो आणि रेनो कंपनीतले पिएर बेझिए हे मोटारीच्या पत्र्याची वळणं गणितात बसवत होते. त्याच वळणांवर पुढं 1987 साली अडोबी इलस्ट्रेटर आणि 1989 साली कॅनडातलं कोरलड्रॉ आलं. मोटारीच्या पत्र्यासाठी शोधलेलं वळण असं शिरूरच्या नंबरप्लेटवर येऊन पोचलं.

पोरानं कंट्रोलचं बटण दाबून वर्तुळ ओढलं, म्हणजे ते अंड्यासारखं होत नाही. एक किरण काढला, 45 अंशांनी फिरवत त्याच्या आठ प्रती केल्या. झाली दुपार. तोच सूर्य आडव्या रेघेवर अर्धा कापला, झाली सकाळ. चंद्रासाठी दोन वर्तुळं एकमेकांवर सरकवली आणि एकानं दुसऱ्याला कातरलं. मी सूर्याला डोळे-नाक काढायला सांगितले. त्यानं काढले, मग चित्र डबीएवढं लहान करून दाखवलं. डोळे-नाक म्हणजे नुसता डाग दिसत होता. मी मुकाट्यानं पुसायला सांगितले. कवितेतली जादाची विशेषणंही अशीच लहान करून बघायला हवीत, असं तेव्हा वाटून गेलं.

त्याच दुकानात रुपयाच्या नव्या चिन्हाचीही लगबग चालू होती. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकलेल्या डी. उदय कुमार यांचं चिन्ह 15 जुलै 2010 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं स्वीकारलं. स्पर्धेत तीन हजारांहून अधिक चिन्हं आली होती. देवनागरी 'र' आणि उभा दांडा गाळलेला रोमन आर यांचा तो मेळ. पण दुकानातल्या जुन्या फाँटात हे चिन्ह कुठून असणार? पोरगा ते रेघांनी काढून भावफलकांवर बसवत होता. याच केंद्रात र. कृ. जोशी शिकवत. ते कवी होते, आणि संगणकावर आपण ज्यात देवनागरी वाचत आलो तो 'मंगल' फाँट त्यांनीच घडवला. कवीनं अक्षराच्या वळणाची काळजी वाहिल्याचं हे उदाहरण माझ्या मनात कायम आहे.

संध्याकाळी मी चिन्हं अम्माला दाखवली. सकाळ, दुपार तिनं लगेच ओळखली. चंद्रापाशी थांबली. म्हणाली, "ये चाँद उलटा है रे." मला कळेना. तिनं हातानंच दाखवलं: संध्याकाळची कोर पश्चिमेला दिसते आणि बुडालेल्या सूर्याकडं, म्हणजे उजव्या अंगाला फुगलेली असते. डाव्या अंगाला फुगलेली कोर पहाटे पूर्वेला दिसते. आयुष्यभर तिनं ईदचा चंद्र शोधला होता, सेहरीला उठून पहाटेचं आभाळ पाहिलं होतं. आमचा चंद्र पहाटेचा होता. रात्रीच्या डबीवर ती गोळी घ्यायची वेळ पहाटेची दाखवत होती!

मी बीए झालेला, तो पोरगा संगणकात तरबेज. दोघांनाही ते दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानात एका क्लिकसरशी चंद्र फिरला. रेडियमवर चिन्हं कापून मी डब्यांवर चिकटवली. त्यानंतर अम्माची गोळी कधी चुकली नाही.

अम्मा आता नाही. डब्या आहेत. निरक्षर माणसाला वाचता येत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. ते म्हणताना मला ती चंद्राची कोर आठवते, आणि मी वाक्य दुरुस्त करतो: त्याला आपलं लिहिलेलं वाचता येत नाही, एवढंच.