वॉकर : एका आडनावाची श्रमकथा



राजेरजवाड्यांच्या वंशावळी भाट लिहून ठेवतात. कष्टकऱ्यांच्या कोण लिहिणार? आमचा जन्म कामगारांच्या हजेरीपटांत गेला, तेव्हा नावांकडे आमचे लक्ष सहज जाते. इंग्लंड-स्कॉटलंडमधील ‘वॉकर’ हे आडनाव आज विचारार्थ घेतले आहे ते यासाठीच.

वॉकर म्हणजे चालणारा, असे कोणीही म्हणेल. पण हा गृहस्थ रस्त्याने चालत नव्हता. हौदात उभा राहून कापड तुडवीत होता. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड विरविरीत व तेलकट असते. ते पाणी, विशिष्ट माती आणि शिळे मूत्र यांत भिजवून पायांनी तासन् तास तुडविले, म्हणजे मळ जातो आणि वीण दाट बसते. लोकांच्या अंगावर ऊब यावी म्हणून कोणाला तरी त्या दुर्गंधीत उभे राहावे लागे. त्या माणसाचे हे नाव.

याच धंद्याला आग्नेय इंग्लंडात ‘फुलर’ म्हणत, नैऋत्येस ‘टकर’, आणि उत्तरेत, मध्य भागात व स्कॉटलंडात ‘वॉकर’. चौदाव्या शतकाच्या सुमारास धंद्याची ही नावे बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. आजही या तीन आडनावांवरून पूर्वज कोणत्या बाजूचे, याचा अंदाज बांधता येतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेस गेलिक भाषेत ‘तुडविणाऱ्याचा पुत्र’ अशा अर्थाचे आडनाव होते. इंग्रजीचा अंमल वाढल्यावर त्यांतली काही घराणीही वॉकर झाली. म्हणजे वॉकर हे एक कूळ नव्हे. गावोगावच्या अनेक कुळांना मिळालेले हे एकच नाव होय. म्हणूनच १८५३ सालच्या सरकारी गणतीत इंग्लंड-वेल्समधील आडनावांत वॉकरचा क्रमांक १८ वा लागला. संख्या सुमारे ५९ हजार.

पण नाव रुजत होते, त्याच काळात काम हातचे, किंबहुना पायचे, जात होते. पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे कापड कुटू लागले. अशा गिरण्यांची इंग्लंडातील नोंद ११८५ सालापासून सापडते. गिरणी जमीनदाराची किंवा मठाची, आणि कापड तेथेच आणण्याची सक्ती. सेंट ऑल्बन्स येथील लोक घरीच कापड तुडवू लागले, तेव्हा मठाने ते जप्त केले. १२७४ साली गावकऱ्यांनी वर्गणी काढून दावा लढविला, बायकांनी राणीकडे दाद मागितली. निकाल मात्र मठाच्या बाजूने लागला. वर्गणी, एकजूट आणि हार, या तिन्ही गोष्टी आम्हांला परक्या वाटत नाहीत.

या नावाची एक फांदी मुंबईपर्यंत आली आहे. स्कॉटलंडातील किल्मार्नॉक गावी जॉन वॉकर याने १८२० साली किराणा दुकान थाटले. त्याचे नाव पुढे व्हिस्कीच्या बाटलीवर चढले. त्या बाटलीवरून मुंबईतल्या बेस्टच्या एका बस कंडक्टरला, बद्रुद्दीन काझी यांना, पडद्यावरचे नाव मिळाले : जॉनी वॉकर. कापड तुडविणाऱ्याचे नाव फिरत फिरत अखेर एका कामगारालाच लाभले!

तो हौद गेला, ते पायही गेले. त्यांचा पुतळा कोठेही उभारला गेला नाही; पण लक्षावधी माणसे त्यांचे नाव रोज लिहितात. आडनाव म्हणजे कष्टाची पावती. ती वाचावयास आपण शिकले पाहिजे.