चित्र गावोगाव कसे फिरू लागले

आमच्या मुरूम गावाहून बसवकल्याण लांब नाही. मध्ये कर्नाटकाची हद्द तेवढी लागते. कल्याणीच्या चालुक्यांची ही राजधानी. इथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशतींत त्याने हत्ती, मासे, शिकार, स्वयंपाक असे काय काय नोंदवले. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, हेसुद्धा. त्याच ग्रंथात चित्रकथक भेटतो. चित्रे दाखवत गोष्ट सांगणारा माणूस. फिरत्या प्रदर्शनाचे कूळ मी त्याच्यापासून धरतो.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने ही विद्या जिवंत ठेवली. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवायचे, म्हणजे दोन्ही अंगांना चित्र. एका आख्यानाचा सगळा गठ्ठा म्हणजे पोथी. कथा सरकली की चित्र उलटायचे, आख्यान संपले की पोथी बांधून पुढचे गाव गाठायचे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मला फार आनंद झाला.

पुढचा टप्पा दुसऱ्या कल्याणातला, ठाणे जिल्ह्यातल्या. १८९२ साली महादेव पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलाच्या झोतात पडद्यावर मोठी होत. किंचित फरकाची काच झटकन बदलली, की चित्र हलल्यासारखे वाटे. इथेही कथा सांगायला माणूस होताच.

छायाचित्रांनी मात्र सांगणाऱ्याला बाजूला सारले. न्यूयॉर्कमध्ये १९५५ साली एडवर्ड स्टायकेन यांनी मांडलेले ‘फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन जगभर फिरले. ६८ देशांतली ५०३ छायाचित्रे होती त्यात. १९५६ मध्ये ते मुंबईच्या जहांगीर कलादालनात आले. थोर प्रदर्शन, पण भिंती शहरातल्या.

गावाकडे वळली ती बस. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालयाने १९६५ साली फिरते विज्ञान प्रदर्शन सुरू केले. पुढे मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या बसही निघाल्या. या बसची रचना मला फार आवडते. मांडणी आत नसते, दोन्ही बाहेरच्या अंगांना असते. शाळेच्या पटांगणात बस उभी करायची, बाजूची झाकणे वर उचलायची, मुले भोवताली फिरत बघतात. अंधार पडला की दुर्बीण काढून आकाश दाखवायचे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचीही बस २०१५ पासून फिरते आहे. आणि बसबरोबर समजावून सांगणारा येतो, चित्रकथकाच्या जागी.

जैवविविधतेचे प्रदर्शन घेऊन सायन्स एक्स्प्रेस २०१२ पासून देशभर धावली. पण ती रुळांवरची. आमच्या मुरूमला रेल्वे नाही, म्हणून आम्हाला बसच हवी. तिच्या एका झाकणाखाली नळदुर्गच्या बोरी नदीची छायाचित्रे असावीत, आणि शेजारी मराठीत नि कन्नडातही बोलू शकणारा माणूस उभा असावा.