चिमटा आणि शॉकअप

परवा ताईकडे लोणीला (आंबेगाव तालुक्यातलं, धामणीजवळचं) गेलो होतो. ओट्यावर भाच्याची सायकल उलटी ठेवलेली. पुढचा शॉकअप जाम. दाजींनी कांद्याच्या पैशातून घेतलेली सायकल, वर्षही झालं नव्हतं.

"मामा, तूच म्हणालास ना ऑईल सोड म्हणून?"

म्हणालो होतो खरा. तेही गाडीतून काढलेलं काळं ऑईल! मी गप्प. रात्री मग या शॉकअपचा इतिहासच वाचत बसलो.

सायकलला धक्क्यांपासून पहिली खरी सुटका मिळाली ती हवेने. १८८८ साली डनलपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या एका सायकलीला इंग्रज लोक 'हाडं खिळखिळी करणारी' म्हणत, यातच सगळं आलं. दुसरी सोय दाजींच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या काळ्या सायकलीला आहे, पण ती कुणाच्या लक्षात येत नाही. तिचा चिमटा खाली पुढच्या बाजूला वाकलेला असतो. तो बाक थोडा लवतो, थोडा धक्का खातो. उरलेला सीटच्या स्प्रिंगा खातात. त्याच सायकलवर अण्णांनी वर्षानुवर्षं दुधाचे कॅन वाहिले.

नळीत नळी सरकणारा, आत तेल असलेला चिमटा बीएमडब्ल्यूने १९३५ साली मोटरसायकलला बसवला. डोंगरात चालवायच्या सायकलीपर्यंत तो यायला अर्धं शतक गेलं. अमेरिकेत पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स यांच्या रॉकशॉक्सने १९८९ साली आरएस-१ काढला. चाल जेमतेम पाच सेंटिमीटर! पुढच्याच वर्षी डुरँगोच्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड रॉकशॉक्सचा चिमटा लावून उताराची शर्यत जिंकला. मग काय, सगळ्यांनाच तो हवासा झाला.

आपल्यापर्यंत येता येता मात्र त्यातलं तेल गळालं आणि शोभा उरली. स्वस्त शॉकअपमध्ये बहुतेकदा नुसती स्प्रिंग असते. ती दबते आणि तशीच उसळते. तेल ही उसळी आवरतं, खरं काम त्याचं. वर दोन-अडीच किलो वजन, आणि चढावर पायातला जोर स्प्रिंगच खाते.

तेल हवं ते आत. बाहेरून लावलं की आमच्या लोणीची धूळ त्याला चिकटते आणि नळीवर कानशीसारखी फिरते. सील गेलं की पाणी आत, मग गंज. भाच्याच्या सायकलचं हेच झालं. खरं तर रोज कोरड्या फडक्याने पुसलं असतं, धुताना सीलवर पाण्याचा फवारा मारला नसता, आणि अधूनमधून खोलून साफ करून ग्रीस भरलं असतं, तर पुरे होतं.

घेतानाही बघावं. आपण बसल्यावर शॉकअप चालीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका दबावा, आणि हँडल दाबून सोडलं की उडी न मारता वर यावा. एवढं बजेटमध्ये बसत नसेल तर साधा चिमटा आणि जाड टायर बरा.

शेवटी मंचरहून साधा चिमटाच आणून बसवला. पैसे अर्थात मामाचे. शाळेत पोरं हसली का, हे भाच्याला विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

अण्णांची सायकल गोठ्यात उभी आहे. टायरमध्ये हवा भरली की आजही चालते. असो.