औषधाच्या चिठ्ठीवर दूध आणि भाजीपाला

वाचकहो, डॉक्टरांची चिठ्ठी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. औषधाचे नाव, दिवसातून किती वेळा, जेवणापूर्वी की जेवणानंतर. परंतु ज्या घरी जेवणाचीच भ्रांत, तेथे “जेवणानंतर” या शब्दाला काय अर्थ उरतो? अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात १९६७ साली सुरू झालेल्या एका दवाखान्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. त्याने दिलेले उत्तर पालकांनी व विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे असे आहे.

माउंड बायू हे डेल्टा प्रदेशातील लहानसे गाव. एके काळी गुलामीत असलेल्या आयझाया माँटगोमेरी व त्यांच्या साथीदारांनी ते १८८७ साली वसविले. भोवतालची जमीन अत्यंत सुपीक, पण ती बहुतांशी गोऱ्या मळेवाल्यांची, आणि त्यांनी घरांच्या उंबऱ्यापर्यंत कपाशी लावलेली. वाट्याने कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना परसात चार वांगी लावण्याइतकी जागा मिळणेही कठीण. पुढे कापूस वेचणारी यंत्रे आली, तणनाशके आली, आणि हजारो हात रिकामे झाले. सुपीक मातीत मुले उपासमारीने खंगत होती, ही गोष्ट निसर्गाने घडविलेली नव्हती.

येथील लोक स्वस्थ बसले होते असे मात्र कोणी समजू नये. १९४२ साली एका परस्परसाहाय्यक मंडळाने सभासदांच्या अल्प वर्गणीतून टॅबोरियन रुग्णालय उभारले होते. इतरत्र ज्यांना मागच्या दाराने आत घेत, ते येथे पुढच्या दाराने ताठ मानेने येत. गरिबांनी स्वतःच्या पैशातून बांधलेली ही वास्तू नव्या दवाखान्याच्या गौरवात झाकली जाते, म्हणून तिचा उल्लेख अगत्याने केला.

नवा दवाखाना काढला तो बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातील डॉ. जॅक गायगर व डॉ. काउंट गिब्सन यांनी. (काउंट हे त्यांचे नावच होते, सरदारकीची पदवी नव्हे!) पैसा केंद्र सरकारच्या दारिद्र्यनिवारण खात्याचा. गायगर विद्यार्थीदशेत, १९५७ साली, दक्षिण आफ्रिकेतील फोलेला येथे राहून आले होते. तेथे सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० पासून औषधोपचाराला भाजीच्या वाफ्यांची जोड दिली होती. वर्णद्वेषी राजवटीने ते कार्य पुढे मोडून काढले, परंतु बी दुसरीकडे रुजले.

माउंड बायूच्या दवाखान्यात जुलाबाने व कुपोषणाने क्षीण झालेली बालके येऊ लागली. औषधाने ती बरी होत, घरी जात आणि पुन्हा तशीच परत येत. तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर दूध, मांस, भाजी, फळे असे लिहावयास आरंभ केला. घरात माणसे किती, त्यावरून प्रमाण ठरे. चिठ्ठी गावातील वाण्याकडे न्यावयाची, जिन्नस घ्यावयाचे आणि बिल दवाखान्याच्या औषधखात्यातून फिटावयाचे. हे कळताच वरिष्ठ अधिकारी संतापले. औषधाचा पैसा रोगावरच खर्च झाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. गायगर यांनी उत्तर दिले ते असे की, वैद्यकाच्या पुस्तकात कुपोषणावर अन्न हाच इलाज सांगितला आहे. यावर सरकारला बोलता आले नाही.

तथापि वाण्याच्या बिलावर गावे किती दिवस जगणार? येथे जॉन हॅच या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याचे मोल कळते. मला तर ते डॉक्टरांपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही. घरोघरी व चर्चमध्ये बसून त्यांनी लोकांना विचारले, तुम्हांला काय हवे? डॉक्टर हवा, हे उत्तर पहिले नव्हते. अन्न आणि काम, ही मागणी आधी आली. त्यातून १९६८ साली सहकारी शेती उभी राहिली. सुमारे एक हजार कुटुंबे तीत सामील झाली आणि कपाशीच्या मुलखात भाजीपाला पिकू लागला. दवाखान्याने विहिरी खोदल्या, शौचकूप बांधले, दूरच्या रुग्णांसाठी गाड्या ठेवल्या. एका बँकेस तर त्यांनी सांगितले की, आमच्या ठेवी हव्या असतील तर या गावी शाखा काढा आणि खिडकीवर येथलीच माणसे नेमा. बँकेने ते मान्य केले.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी संबंधित भाग. दवाखान्यात शिक्षणासाठी स्वतंत्र कचेरी होती. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी रात्रीचे वर्ग चालत. हुशार मुलामुलींना हेरून महाविद्यालयाचे अर्ज भरून दिले जात, शिष्यवृत्त्यांची माहिती दिली जात असे. अर्ज कसा भरावा हे न कळल्यामुळे किती मुले मागे राहतात, हे आपल्या पालकांना वेगळे सांगावयास नको. पहिल्या दशकात या प्रदेशातून सात डॉक्टर तयार झाले. परिचारिका व समाजसेवक कितीतरी. मिसिसिपीच्या इतिहासातील पहिले दहा नोंदणीकृत कृष्णवर्णीय स्वच्छता निरीक्षकही येथलेच.

पुढे सरकारी धोरण आखडले. पैसा निव्वळ औषधोपचारापुरता मिळू लागला, सहकारी शेतीही अखेर टिकली नाही. दवाखाना मात्र टिकला, आणि त्याच धर्तीवर निघालेल्या अमेरिकेतील केंद्रांतून आज तीन कोटींहून अधिक लोक उपचार घेतात.

एल. सी. डॉर्सी ही वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबातील मुलगी. तिची शाळा मध्येच सुटली होती. सहकारी शेतीच्या कामात ती पुढे आली, संसार सांभाळून पुन्हा शिकू लागली आणि समाजकार्यात डॉक्टरेटपर्यंत पोहोचली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस माउंड बायूच्या त्याच दवाखान्याची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली.